फुलकोबीचं चुकलेलं रोप

दिवाळी अंक हातात घेऊन निवांत बसायचं भाग्य मला आजवर लाभलेलं नाही. तुम्ही फराळाची ताटली शेजारी ठेवून हे वाचत असाल, तेव्हा मी अकोल्याबाहेर, बाळापूर रस्त्याच्या कडेला, आमच्या नर्सरीत साडी खोचून वाफ्याशी बसलेली असेन. संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं तेव्हा मी एकच अट घातली, श्रावणात लिहून घ्या. भादवा लागला की माझे हात पेन धरण्यासारखे राहत नाहीत.

काम साधं आहे. आम्ही रोपं विकतो. भाजी नाही, फुलं नाही, नुसती रोपं. आम्ही माळी लोक, सासऱ्यांच्या काळापासून घरचा भाजीपाला होता. मी लग्न होऊन आले आणि माझ्या हाताला रोप चांगलं येतं हे सासूबाईंच्या लक्षात आलं. शेजारपाजारचे लोक ‘थोडं आमालेबी द्या’ म्हणत येऊ लागले आणि त्यातूनच हा धंदा उभा राहिला. त्याला आता तीस-बत्तीस वर्षं झाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हिवाळ्याची भाजी हिवाळ्यात लावत असतील. तसं नाही. फुलकोबी, पत्ताकोबी, नवलकोल, झेंडू, अॅस्टर यांना थंडी हवी असते खरी, पण थंडी पडेपर्यंत त्यांनी जमीन धरलेली असावी लागते. म्हणजे बी टाकायचं ते गणपतीच्या चिखलात आणि लावणी करायची ती ऑक्टोबरच्या उन्हात. वऱ्हाडातलं ऑक्टोबरचं ऊन ज्यानं सोसलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. त्या उन्हात चार बोटं उंचीचं रोप टिकवायचं असतं. हिरव्या जाळीखाली वाढवायचं, देण्याआधी आठवडाभर पाणी कमी करत आणायचं, जाळी रोज थोडी जास्त वेळ उघडी ठेवायची. त्यानं रोप कणखर होतं. आणि लावणी नेहमी ऊन उतरल्यावर. सकाळी लावलेलं रोप दुपारी मान टाकतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन आमच्याशी भांडतं.

गिऱ्हाईकही तऱ्हेतऱ्हेचं. जठारपेठेतले देशपांडे साहेब म्हणून एक निवृत्त इंजिनिअर आहेत, गच्चीवर बाग करतात. पहिल्यांदा आले ते गाजराचं रोप मागत.

“साहेब, गाजराचं रोप नसते. बी टाका थेट कुंडीत.”

“का नसतं? टोमॅटोचं असतं, वांग्याचं असतं. गाजरानं काय पाप केलं?”

“त्याचं मूळच आपल्याले खायचं असते. उपटून दुसरीकडे लावलं की ते मूळ फाटते.”

साहेबांना पटलं नाही. त्यांनी घरीच रोप करून कुंडीत लावलं आणि माघात पिशवी घेऊन हजर झाले. पिशवीत गाजरं होती, प्रत्येकाला दोन-तीन पाय, काहींनी तर मांडी घातलेली. “बाई, तुम्ही बरोबर होतात,” एवढं म्हणून त्यांनी एक गाजर मला भेट दिलं. तेव्हापासून ते माझं पक्कं गिऱ्हाईक. चूक कबूल करायला अकोल्याच्या त्या टोकापासून बसनं येणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मला मात्र सांगायचं आहे ते माझ्या चुकीबद्दल.

फुलकोबीच्या जाती असतात. लवकरची, मधली आणि उशिराची. लवकरची पावसाळ्यात लावायची, ती उकाड्यातही गड्डा धरते. उशिराची दसरा-दिवाळीला लावायची, तिला चांगली थंडी लागते आणि तिचा गड्डा मोठा, पांढरा, घट्ट येतो. आता लवकरच्या जातीचं रोप कोणी थंडीच्या तोंडाशी लावलं तर काय होतं? झाड अजून लहान असतानाच घाईनं गड्डा धरतं आणि लिंबाएवढ्यावर थांबून जातं. मग खत घाला, पाणी द्या, काही उपयोग नाही. आणि गंमत अशी की बी दोघांचं सारखंच, मोहरीसारखं. रोपही सारखंच. तीस वर्षं हे काम केलेल्या बाईलासुद्धा रोपाकडे पाहून जात ओळखता येत नाही.

चार वर्षांपूर्वी गणपती बसले त्या आठवड्यात मी उशिराच्या फुलकोबीचा वाफा टाकला. सून माहेरी होती, घरात पाहुणे होते, मी घाईत होते. पावसाळ्यातलं उरलेलं लवकरचं बी एका डब्यात होतं आणि त्यावरची चिठ्ठी गळून पडली होती. चष्मा घरी राहिला होता. शंभर पावलांवर घर, पण तो आणायला मी गेले नाही. डबा उघडला, बी दिसलं, टाकलं.

रोप सुंदर आलं. खोटं कशाला बोलू, त्या वर्षीचं ते सगळ्यात देखणं रोप होतं. नवरात्रात ते तीन गिऱ्हाइकांकडे गेलं. बाळापूरकडचे भगवंतराव, आमचे पंधरा वर्षांचे जुने, त्यांनी अडीच हजार रोपं नेली. धामणगाव रेल्वे या गावाहून आलेल्या एका बाईनं चारशे नेली. आणि देशपांडे साहेबांनी गच्चीसाठी चोवीस.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फुलकोबीचा दुसरा वाफा टाकायचा म्हणून मी बियाण्याची पेटी उघडली. उशिराच्या जातीची चार पाकिटं मी आणली होती. चारही तिथंच होती. सीलबंद.

मी पाकिटं दोनदा मोजली. मग तो बिनचिठ्ठीचा डबा काढला. तळाशी चिमूटभर बी उरलं होतं. 

आमचे हे, गजाननराव, विहिरीवरून आले तेव्हा मी पेटीशेजारी जमिनीवर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

“कोनाले सांगतलं का तू?”

“नाही. आत्ताच समजलं मले.”

“मंग गप राह्य. रोप पाहून कोनाले समजत नाही. डिसेंबरात गड्डा लहान आला तं म्हनू, थंडी लवकर पडली. नाही तं बियानंच खराब निंघालं म्हनू. दरसाली कोनाचं ना कोनाचं निंघतेच.”

ते वाईट माणूस नाहीत. धंद्यात असं सगळेच करतात, आणि खरंच कोणाला कळलं नसतं. भगवंतरावांनी बियाणं कंपनीला शिव्या दिल्या असत्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडेच आले असते. मी हे सगळं पेटीशेजारी बसल्या बसल्या मनात करून पाहिलं होतं, त्यांनी सांगायच्या आधीच.

“आज दाहा दिवसच झाले लावून,” मी म्हटलं. “आज सांगतलं तं त्यायचा हंगाम वाचते. डिसेंबरात काय सांगू?”

“भगवंता तुले फाडून खाईन.”

“खाऊ दे.”

त्यांनी पेटीतली चारही पाकिटं उचलली. मग म्हणाले, “चष्मा कुठी हाये तुया?”

मी चष्मा आणला. आधी बी टाकायचं, मग सांगायला जायचं, असं मी ठरवलं, कारण नुसती चूक घेऊन कोणाच्या दारात जायचं नव्हतं. त्यांनी एकेक पाकीट उन्हात धरून जातीचं नाव मोठ्यानं वाचलं आणि मी बी टाकलं. ते रोप तयार व्हायला दिवाळी उलटणार होती. पंचवीस-सत्तावीस दिवस. मधल्या दिवसांत गिऱ्हाइकांच्या जमिनीत काय करायचं, हेही मी वाफ्यावर वाकल्या वाकल्याच ठरवत होते.

संध्याकाळी मोटारसायकलवर ह्यांच्या मागे बसून बाळापूरकडे निघाले. भगवंतराव बांधावरच भेटले. फुलकोबी टवटवीत उभी होती, एकही रोप मेलेलं नव्हतं.

“या या वयनी! पाहा, काय रोप देलं तुमी. गावातले लोक पाहाले येऊन राहिले.”

मी मोटारसायकलवरून उतरले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. घुटमळले असते तर सांगणं झालं नसतं.

भगवंतराव आधी हसले. त्यांना वाटलं, थट्टा आहे. मग माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा काळवंडला.

“मंग दाहा दिवस मी पानी काहून देऊन राहिलो याले? खत काहून टाकलं?”

“माही चूक हाये, भाऊ. माह्याच हातानं झाली. नवं बी आज टाकलं, दिवाळीच्या मागं लागूनच रोप देते, पोचवून देते. तोवर हे उपटून मेथी अन् सांबार टाका. पंचवीस दिवसांत निंघते. जमीन रिकामी राहत नाही.”

“मले शिकवू नका तुमी! पंधरा वर्सं डोये मिटून घेतलं मी तुमच्याइथून. डोये मिटून!”

ते शेवटचे दोन शब्द मला अजून ऐकू येतात. मी तिथंच उभी राहिले. त्यांनी जायला सांगितलं तरी राहिले. मेथीचं आणि सांबाराचं, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीचं, बी मी सोबत नेलं होतं. ती थैली बांधावर ठेवली आणि मग निघाले.

पुढं त्यांनी अर्ध्या शेतातलं रोप उपटलं, अर्ध्यातलं रागानं तसंच ठेवलं. दिवाळीनंतर मी नवं रोप पोचवलं, ते त्यांनी घेतलं, लावलं, फेब्रुवारीत गड्डेही चांगले आले. पण त्यानंतर ते माझ्याकडे कधी आले नाहीत. बाजारात दिसले तर मान हलवतात. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. पंधरा वर्षांचा विश्वास होता तो, आणि मी तो बिनचिठ्ठीच्या डब्यातून काढून वाफ्यात टाकला. त्याचं वाईट वाटतं, आजही वाटतं.

देशपांडे साहेबांना फोन केला तर ते आनंदलेच. “उपटायचा प्रश्नच नाही. मी निरीक्षण करतो.” त्यांनी म्हणे रोज सकाळी मोजपट्टी लावली. डिसेंबरात त्यांचा फोन आला, “बाई, लिंबाएवढा म्हणालात, माझा एक पेरूएवढा आला आहे,” आणि स्वरात असा काही अभिमान, जसं काही त्यांनी मला खोटं पाडलं.

राहिली धामणगावची बाई. तिचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. तिनं शेजाऱ्याच्या फोनवरून चौकशी केली होती आणि स्वतः रेल्वेनं येऊन दोन खोक्यांत रोपं घेऊन गेली होती. नाव वंदना, एवढं आठवत होतं. आणि बोलता बोलता, तिकडच्या बायकांसारखं ‘करते’ऐवजी ‘करतो’ वापरून, म्हणाली होती, “मी मुलींच्या होस्टेलात सयपाक करतो, ताई.” बस, एवढंच.

“आता त्या बाईले कुठी शोधत बससीन?” ह्यांनी विचारलं. “चारशे तं रोपं.”

“भगवंतरावाले शेत हाये, तिले नाही. तिची चारशेच हायेत.”

तयार असलेलं रोप मी दोन खोक्यांत भरलं. पत्ताकोबी, नवलकोल, थोडा झेंडू, थोडा अॅस्टर. पिशवीत मेथी, सांबार, पालक, मुळा, गाजर आणि वाटाण्याचं बी. सकाळची गाडी पकडली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. रोपांना झळ लागू नये म्हणून मी खोकी सीटखाली ठेवून ओला रुमाल टाकला होता आणि सारखी वाकून पाहत होते. समोरच्या बाईनं शेवटी विचारलंच, “कोंबडीची पिल्लं हायेत का?”

धामणगावला उतरल्यावर रिक्षावाल्याला मुलींचं होस्टेल विचारलं. तो म्हणाला, “कोनतं? तीन हायेत.” पहिल्या ठिकाणी स्वयंपाकाला पुरुष होता. दुसऱ्या ठिकाणी वंदना होती, पण ती वेगळीच निघाली, वार्डन. तोवर डोक्यावर ऊन आलं होतं. तिसऱ्या ठिकाणी फाटकातून आत शिरले तर मागच्या बाजूनं फोडणीचा वास आला आणि ‘कोन हाये?’ म्हणत पदराला हात पुसत तीच बाहेर आली.

“ताई? तुमी इथं?”

तिनं मला आधी पाणी दिलं आणि मग मागच्या अंगणात नेलं. तिची बाग पाहून मी खोकी खालीच ठेवली. ओळी दोरी लावून केलेल्या. प्रत्येक रोपाभोवती वाळलेल्या गवताचं आच्छादन. पाण्यासाठी स्वयंपाकघराच्या धुण्याचं पाणी चरातून वळवलेलं. ओळींच्या टोकाला मुलींनी पुठ्ठ्यावर आपापली नावं लिहून लावलेली, कारण एकेका ओळीला पाणी द्यायची पाळी त्यांची.

“हे होस्टेलवाले मले जागा देतच नव्हते,” ती सांगत होती. “सेक्रेटरी सायेब म्हने, इथं सायकलीचं शेड टाकाचं हाये. मी म्हनलं, एक हिवाळा द्या मले. पोरी रोज आलू अन् दाय खाऊन राहिल्या, जानेवारीच्या गॅदरिंगले मी इथलीच फुलकोबी-वटाना खाऊ घालतो सगळ्याइले. तोंडानं बोललो मी. तवा कुठं एक हिवाळा भेटला.”

आता हिला कसं सांगायचं? पण त्यासाठीच आले होते. सांगितलं.

ती ओरडली नाही. शेणखताच्या ढिगाच्या कडेला बसली. मग इंजिनिअर साहेबांना सुचला नसता असा प्रश्न तिनं मला विचारला.

“नाही उपटलं तं लिंबाएवढी येईन ना? चारशे लिंबं म्हनजे एका जेवनाची भाजी होते, ताई. ऐंशी पोरी हायेत.”

मी मनात हिशेब केला. बरोबर होतं तिचं. “होते. पण ते नोव्हेंबर-डिसेंबरात येते. जानेवारीपर्यंत थांबत नाही, फुटून जाते, फुलावर येते.”

“अन् तुमी नवं रोप देलं तं?”

“ते फेब्रुवारीत.”

“म्हनजे जानेवारीत फुलकोबी नाहीच.”

“नाही,” मी म्हटलं. “जानेवारीत फुलकोबी मी तुले देऊ शकत नाही. पण जानेवारीत हे आंगन भरलेलं राहीन, एवढं मी करून देतो.” माझ्याही तोंडात तिचीच भाषा आली होती.

ती उठली. “एक ओळ ठेवतो मी याची. मले पाहाचं हाये कसं होते ते.” आणि दुसऱ्या ओळीपासून तिनं उपटायला सुरुवात केली. मुली शाळेतून आल्या तर अर्धी बाग उपटलेली. एक तर रडायलाच लागली, तिची ओळ गेली होती. वंदनानं तिला खोक्यातली नवलकोलची रोपं दाखवून म्हटलं, “रडू नको, खड्डे कर. ऊन उतरलं की लावाचं हाये.”

पाच वाजता आम्ही लावणीला बसलो. मी, वंदना आणि दहा-बारा मुली. मूळ सरळ खाली जाऊ द्यायचं, माती दोन बोटांनी दाबायची, पाणी बुडाशी, पानांवर नाही. मधल्या जागेत मेथी, सांबार आणि पालक. भिंतीला वाटाणा. कडेनं झेंडू आणि अॅस्टर. एका कोपऱ्यात फुलकोबीसाठी जागा राखून तिथं फक्त मुळा टाकला, नवं रोप येईपर्यंत निघून जाईल असा. गाजराचं बी टाकताना मी जठारपेठेच्या साहेबांची गोष्ट सांगितली, मघाची रडणारी पोरगीही हसली. माझी परतीची गाडी निघून गेली होती. पुढच्या गाडीनं आले. सगळ्या अंगाला माती लागली होती आणि कैक दिवसांनी मला बरं वाटत होतं.

दिवाळीत होस्टेल रिकामं झालं, पण वंदना लेकीकडे गेली नाही, पाण्यासाठी थांबली. पाडव्यानंतर मी फुलकोबीचं नवं रोप घेऊन गेले. पाकीटही सोबत नेलं आणि तिला जात वाचून दाखवली. तिनं पाकीट हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचली. मला राग आला नाही.

जानेवारीत फोन आला. “ताई, शेडचे पत्रे येऊन पडले अंगनात. सेक्रेटरी सायेब म्हनते, फुलकोबी कुठी हाये? बोलली होती ना?”

मी पुन्हा गाडीत बसले. सेक्रेटरी म्हणजे कोणी दुष्ट माणूस असेल अशी मनाची तयारी करून गेले होते, तर ते साधे, थकलेले गृहस्थ निघाले. अंगणात झेंडू फुलला होता, वाटाण्याला शेंगा धरल्या होत्या, मुली पालक खुडत होत्या. ते मधे उभे राहून म्हणाले, “मले काही हौस नाही, बाई. पन पोरींच्या सायकली पावसात भिजतात, गंजतात. पालक लावला म्हनून काही पालकमंत्री शेड देत नाही.” विनोद झाला असं त्यांना वाटलं, आम्ही दोघी हसलो नाही.

“फुलकोबीची चूक हिची नाही, माझी आहे,” मी त्यांना म्हटलं. “मी नर्सरीवाली. मी चुकीचं रोप दिलं. ती कोपऱ्यातली फुलकोबी पाहा, ती फेब्रुवारीत येते. तोपर्यंत पत्रे तसेच पडून राहू द्या.”

“अन् नाही आली तर?”

“तर मी स्वतः येऊन उपटून देईन आणि तुमचं शेड उभं करायला माती टाकीन.”

वंदना पुढं झाली. ती म्हणाली, “सायेब, डिसेंबरात पोरींनी चार वेळा मेथी खाल्ली, दोन वेळा पालक. मी तुमाले एकदाबी भाजीची पिशवी मांगतली नाही त्या सहाही दिवशी. बाजाराच्या मानसाले विचारा.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पत्र्यांकडे पाहिलं. “फेब्रुवारी,” म्हणाले. “त्याच्यापुढं नाही.”

फेब्रुवारीत मी तीनदा गेले. गड्डा दिसू लागला की त्याचीच पानं वर दुमडून सुतळीनं बांधायची असतात, नाहीतर उन्हानं तो पिवळा पडतो. हे मुलींना शिकवलं. थंडी त्या वर्षी सुदैवानं लांबली. तेही सांगायला हवं, नाहीतर माझ्या बोलण्याची काय किंमत होती? ज्या दिवशी सुतळ्या सोडल्या त्या दिवशी आत पांढरेशुभ्र, दोन्ही हातांत मावणार नाहीत असे गड्डे होते. वंदनानं पहिला कापला आणि पदरात घेऊन आत गेली. त्या दिवशी ऐंशी मुली, वार्डनबाई, सेक्रेटरी साहेब आणि मी, सगळ्यांनी फुलकोबी-वाटाणा खाल्ला. साहेबांनी दोनदा वाढून घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाले.

बाग पूर्ण वाचली असं नाही. सायकलींचं शेड झालंच, फाटकाकडच्या भिंतीला लागून, आणि त्यात तीन ओळींची जागा गेली. पण बाकी अंगण वंदनाचं राहिलं. दुसऱ्या वर्षी ती स्वतः येऊन रोप घेऊन गेली, तिसऱ्या वर्षीही. प्रत्येक वेळी माझ्या वाफ्याशी उकिडवी बसून तासभर प्रश्न विचारायची. माती कशी चाळता, बी किती खोल, मर लागून रोपं कोलमडली तर काय, जाळी कधी काढता. मी सांगत गेले. गिऱ्हाइकाला एवढं सांगत नसतात, हे ह्यांनी मला दोनदा बजावलं.

मागच्या वर्षी गणपतीत मी तिच्या नावाची चारशे रोपं धरून ठेवली होती. तिचा फोन आला.

“ताई, रागावसान तं नाही ना? यंदा रोप नको मले. मी घरीच टाकलं.”

धरून ठेवलेल्या त्या रोपांकडे मी पाहिलं. भगवंतराव रागानं गेले होते, आणि हिला तर मीच शिकवून घालवली होती.

“जात वाचून टाकलं ना?” मी विचारलं.

“चष्मा लावून, ताई.”

“उगवलं किती?”

“शंभरातलं नव्वद.”

“चांगलं हाये,” मी म्हटलं. “आता पानी तोड थोडं थोडं.”

आमच्या वाफ्यात त्या वर्षी शंभरातलं ऐंशीच उगवलं होतं. ते मात्र मी तिला सांगितलं नाही.